उंबऱ्याच्या आतले धडे

कुंभकोणम
१२ जानेवारी २०२५

सौंदर्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला माझे नको असतील तर ही ओळ सोड आणि पुढून वाच.

श्रीदेवीच्या फोनवर तू पाठवलेले ते व्हिडिओ पाहिले. घरच्या घरी लहान मुलांना शिकवायचे खेळ. शेजारधर्म म्हणून ती बिचारी आपल्या ओसरीवर फोन धरून उभी राहिली आणि मी चष्मा पुसून पुसून पाहिले. एक बाई शेरभर तांदूळ निळे-हिरवे रंगवते, परातीत पसरते, त्यात चमचे आणि शिंपले पुरते, आणि तिचं पोर ते उकरून काढतं. त्याने मुलांच्या बोटांना वळण लागतं म्हणे. तांदूळ रंगवायचे! कावेरीकाठी ज्याचा जन्म गेला त्याला तू हे दाखवतेस? तुझी आई असती तर तिने तो फोन विहिरीत टाकला असता.

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, तेही तमिळमधून, आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे साहेब होऊन बसली आहेत. तीन वर्षांच्या नातीला दहापर्यंत आकडे शिकवायला मला सिंगापूरहून मार्गदर्शन नको.

तुझी अटही श्रीदेवीने सांगितली. जूनमध्ये लक्ष्मीप्रियाला शाळेत एल.के.जी.त घेतलं पाहिजे. घेतलं तर ती माझ्याकडे राहील. नाही घेतलं तर तिला तिरुचीला पाठवायचं, तुझ्या सासूकडे, मणीच्या आईकडे. ज्या घराचं नाव काढलं तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्या घरी पोर पाठवायला तयार आहेस, पण बापाशी फोनवर चार शब्द बोलायला तयार नाहीस. बरं आहे. मणी तुला टाकून गेला तेव्हा 'मी सांगितलं होतं' असं मी म्हणालो. चार माणसांत म्हणालो हे खरं. पण सांगितलं होतं हेही खरंच आहे ना?

तू तिला इथे ठेवून परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं. आली तेव्हा तिला चार शब्द येत होते. आता माझं बोलणं मला पुरं करू देत नाही. या घरात तुझ्या आईनंतर माझ्याशी आपल्या भाषेत बोलणारं हे एकच माणूस आहे, आणि ते मी तिरुचीला पाठवणार नाही. मी तिला शिकवीन. माझ्या पद्धतीने.

हे पत्र श्रीदेवी फोटो काढून तुला पाठवेल. तिला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे मी काय लिहिलं ते तिला कळणार नाही. तुला येतं. हिंदीच्या परीक्षांना तुला मीच बसवलं होतं, तेव्हा ती सबब चालायची नाही. लिहितोय मात्र पुस्तकी मराठी. आपण बोलतो तशी लिहायला घेतली की मलाच हसू येतं.

आप्पा

२ फेब्रुवारी

सौंदर्या,

फोटोखालच्या दोन रेघा निळ्या झाल्या म्हणजे तू वाचलंस, असं श्रीदेवी म्हणते. झाल्या. उत्तर नाही आलं. चालेल.

आता तुझ्या मुलीची प्रगती ऐक. रोज सकाळी आंघोळ झाली की मी पितळी ताटात तूर, हरभरा, उडीद आणि मसूर एकत्र करून तिच्यापुढे ठेवतो. तिने त्या डाळी चार वाट्यांत वेगळ्या करायच्या. पहिल्या आठवड्यात एक मसूर नाकात गेला. काळजी करू नकोस, निघाला. माझी तपकीर कामास आली, एकच शिंक आणि मसूर बाहेर. त्या दिवसापासून ती ताटावर बसली की आधी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहते. मधे माणसाने कितीही बडबड केली तरी हात थांबत नाही. मी मुद्दाम बडबड करतो.

तुझ्या आईचा डबरा आणि टंबळर, ती कॉफीची खोलगट वाटी आणि पेला, बाहेर काढला. आपण कॉफी वरखाली करतो तसं पाणी यातून त्यात आणि त्यातून यात ओतायचं. सांडलं तर फडकं घेऊन आपणच पुसायचं. आधी तिचा फ्रॉक आणि माझं धोतर दोन्ही भिजायचं. आता थेंब सांडत नाही. काल मी हात पुढे केला तर म्हणाली, "मी करतें. तूं उगी रा, आजा." हे 'उगी रा' कुणाकडून उचललं ते सांगायला नको.

विड्याची पानं आणली की ती लहान-मोठी लावायचं काम तिचं. "हें धाकुटें, हें त्याहून धाकुटें, हें अगदीं बाळ," असं करत चटईभर पानं मांडते आणि माझा विडा दुपारपर्यंत लांबतो. सकाळी दारात रांगोळीचे ठिपके मी देतो आणि ती प्रत्येक ठिपक्यावर एक चिंचोका ठेवते. तिथे तोंडातून अक्षर काढत नाही, मनात मोजते. मग उंबरा ओलांडून आत येते आणि किती झाले ते सांगते. कधी चुकत नाही. तुझ्या त्या रंगीत तांदळांनी हे झालं असतं का?

श्रीदेवीने तुला काय सांगितलं तेही मला कळलं. पोर बोलत नाही म्हणे. तू फोन करतेस तेव्हा नुसती बघत बसते, हसते, पण 'अम्मा' म्हणत नाही. अगं, तुमचा फोन होतो श्रीदेवीच्या घरी. लोकाच्या घरात ती बोलत नाही, कारण तिला शिस्त आहे. तू माझ्या घरी फोन कर, म्हणजे कान किटतील तुझे.

श्रीदेवीचं असं म्हणणं की मी तिच्याशी थोडं तमिळ बोलावं. तिला सरळ सांगितलं, बाई, तमिळ शिकवावी लागत नाही, ती रस्त्यावरून आपोआप घरात येते. मला कुणी शिकवली? तुला कुणी शिकवली? आपली भाषा मात्र या उंबऱ्याबाहेर विकतही मिळायची नाही. श्रीदेवी म्हणाली, "पण सार, तुमची नात रस्त्यावर असते कधी?" आता या गल्लीत मोटारसायकली कशा जातात ते तुला ठाऊक आहे. कुत्री आहेत. मी तिला बाहेर सोडत नाही आणि सोडणारही नाही. टीव्ही तर मी केव्हाच काढून टाकला.

आप्पा

९ मार्च

सौंदर्या,

काल तिला घेऊन तिरुवलंचुळीला गेलो, पांढरा विनायक दाखवायला. शाळेची भेट पुढच्या महिन्यात ठरली आहे. विद्येचं काम, गणपतीच्या कानावर घातलेलं बरं.

बसमध्ये तिला खिडकी दिली. शेतात बगळे उतरले होते. ती एकदम उभी राहून ओरडली, "आजा, तें पाहा, अस्के बगळे! अस्के पांढरे!" पुढच्या बाकावरचा माणूस वळला आणि मला विचारतो, "सार, उत्तरेकडचे का तुम्ही?" साडेतीनशे वर्षं झाली आपल्याला या मातीत येऊन, आणि हा मला विचारतो उत्तरेकडचे का! मी त्याला असं ठेवणीतलं तमिळ ऐकवलं की तो पुढचा थांबा येईपर्यंत मान वळवेना.

लक्ष्मीप्रियाकडे मी फक्त डोळे वटारले. नियम तिला ठाऊक आहे, बगळे पाहून विसरली एवढंच. उंबऱ्याच्या आत आपली, उंबऱ्याबाहेर त्यांची. माझ्या आजाने मला शिकवलं, मी तुला शिकवलं. तू रडायचीस, आठवतं? ही रडली नाही. स्वतःचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि घरी येऊन दार लावेपर्यंत काढलं नाही. देवळातही नाही. प्रसादाचं केळंही दुसऱ्या हाताने धरून, बोट बाजूला सरकवून खाल्लं. मला हसू आलं आणि अभिमानही वाटला.

येताना स्वामीमलैला शामसुंदरकडे उतरलो. माझा जुना विद्यार्थी, गणितात ढ होता, आता पंचधातूच्या मूर्ती ओततो आणि मला खुर्ची पुसून देतो. मूर्ती आधी मेणाची करतात, तुला मी लहानपणी दाखवलं होतं. त्याने मेणाचा एक गोळा दिला. आज दिवसभर आम्ही तो कोमट पाण्यात बुडवून मऊ करत बसलो होतो. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, सोंड गळून मागे चिकटली. तिला म्हटलं, हा कोण? म्हणाली, "हा गणपतीचा भाऊ, उलटा." मी हसून हसून खोकलो.

शामसुंदरने तिला नाव विचारलं होतं. ती गप्प. मिठाई दिली, घेतली, तरी गप्प. "लाजरी आहे, सार," तो म्हणाला. मी हो म्हणालो.

शाळेच्या भेटीत काय विचारतात ते मी काढून आणलं आहे. नाव, रंग, आकार, मोजणं, मणी ओवणं, पाणी ओतणं. हे सगळं तिला येतं, झोपेत विचारलं तरी येतं. त्या बाईंनाच दोन गोष्टी शिकवून येईल. तू निश्चिंत राहा.

आप्पा

१६ एप्रिल

सौंदर्या,

शाळेचं जमलं नाही. जागा भरल्या होत्या. आजकालच्या शाळा म्हणजे भिंतीवर जिराफ आणि आत काही नाही. नाहीतरी मला ती फारशी आवडली नव्हती. दुसरी पाहतो आहे, गावात शाळांना तोटा नाही.

लक्ष्मीप्रिया बरी आहे. आज तिने माझ्याबरोबर पोळी लाटली, लंकेचा नकाशा झाला, पण भाजली आणि खाल्ली. ऊन फार आहे. बाकी विशेष काही नाही.

आप्पा

२१ एप्रिल

सौंदर्या,

तर तुला कळलं. शाळेने अर्जावर श्रीदेवीचा नंबर घेतला होता, कारण माझा फोन नुसता बोलायचा आहे. त्यांनी जो कागद पाठवला तो तिने तुला पाठवला, आणि तू तिच्याजवळ रडलीस, हेही तिने मला सांगितलं. माझ्याजवळ रडली असतीस तर मीच सांगितलं असतं. आता लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

त्या बाई वाईट नाहीत. मला उगाच त्यांच्यावर राग काढता येत नाही. टेबलावर त्यांनी लाल-पिवळे मणी, दोरा, लाकडी ठोकळे, पाण्याचा तांब्या आणि दोन पेले असं सगळं मांडून ठेवलं होतं. मला वाटलं माझ्याच स्वयंपाकघरातून उचलून आणलंय. मी मनात म्हटलं, जिंकलो. लक्ष्मीप्रिया खुर्चीवर बसली, पाय लोंबकळत, हात मांडीवर.

बाईंनी नाव विचारलं, "पेर एन्ना, कण्णा?" ती गप्प. पुन्हा विचारलं, इंग्रजीत विचारलं. गप्प. लाल मणी दे म्हणाल्या. या पेल्यातलं पाणी त्यात ओत म्हणाल्या, हाताने खूण केली. तिने तांब्याकडे पाहिलं, सौंदर्या, तिचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवले. तिला शब्द समजले नव्हते आणि इथे काय चालतं, काय चालत नाही, तेही समजत नव्हतं.

मग मी ते केलं जे आजवर कधी परक्या माणसांत केलं नाही. मी आपल्या भाषेत म्हणालो, "लच्छी, सांग बाईंला तुझें नांव. तांबडा मणी कोठें आहे? दाखव बरं." भर बाजारात मी धोतर सोडावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली. खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली, टाचा उंच केल्या आणि आपलं बोट माझ्या ओठांवर ठेवलं.

बाई ते पाहत होत्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी सांगत राहिलो की हिला सगळं येतं, शंभर वस्तूंची नावं येतात, मोजता येतं, घरी अखंड बोलते. आणि जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटत गेलं, मलासुद्धा. त्या हळूच म्हणाल्या, "सार, सगळे पालक असंच सांगतात. आधी कान तपासून घ्या. तिरुचीला वाचेचं चांगलं केंद्र आहे. वेळेवर दाखवलं तर मुलं सुधारतात." शेजारी बसलेल्या एका बाईने आपला मुलगा जवळ ओढून घेतला.

हात दाखवून अवलक्षण. दिव्याखाली अंधार. ज्याने गावाची पोरं शिकवली त्याच्या नातीला गावात मुकी म्हणतात. मी तिला आत एक भाषा दिली आणि बाहेर एकही दिली नाही. बाहेरची आपोआप येते असं धरून चाललो, आणि येईल त्या वाटा एकेक करून मीच बंद केल्या. तू आणि मी या गल्लीत वाढलो, धुळीत, दिवसभर. हिला मी दारापासूनसुद्धा आत ओढत आलो.

तिच्यात काही कमी नाही. हे तू तरी मान. मला पावसाळ्यापर्यंत वेळ दे. मी तिच्याशी तमिळ बोलेन, उद्यापासून बोलेन, दिवसभर बोलेन. ती हुशार आहे, तिला लागतं किती? तिला तिरुचीला पाठवू नकोस. माझी तुला विनंती आहे. मी कधी कुणाला केली नाही, ती तुला करतो आहे.

आप्पा

४ मे

सौंदर्या,

रेघा निळ्या झाल्या आणि तू श्रीदेवीला सांगितलंस की मे संपता संपता तुझ्या सासूबाई, वसंताबाई, तिरुचीहून येऊन तिला नेतील. "ती कुठल्या भाषेत बोलते ते मला नको, ती माणसांत बोलली पाहिजे," असं तू म्हणालीस. श्रीदेवीने ते मला तमिळमध्ये सांगितलं. तूही तिला तमिळमध्येच सांगितलं असशील.

तमिळचं सांगतो. सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी डाळीचं ताट मांडलं आणि म्हटलं, लच्छी, हे 'परुप्पु'. ती खूप हसली. तिला वाटलं आज नवीन खेळ आहे. मी पुन्हा म्हटलं. ती हसायची थांबली. मी बोलत राहिलो, ओत, उचल, ठेव, सगळं तमिळमध्ये, गंमत करत, हातवारे करत. तिने वाटी खाली ठेवली, माझं बोट धरलं, मला उठवलं आणि चालवत चालवत उंबऱ्याबाहेर नेऊन उभं केलं. आणि स्वतः आत जाऊन ताटापुढे बसली. बाहेरची भाषा बोलायची तर बाहेर उभा राहून बोल. मी पायरीवर उभा राहिलो, ती आतून माझी वाट पाहत राहिली.

रोज हेच होतं. मी चिडलो, एकदा ओरडलोही. तिने ताट उपडं केलं. आता ती डाळी निवडत नाही. मी तमिळ बोलेन या भीतीने ती माझ्याशीही कमी बोलू लागली आहे. श्रीदेवीच्या मुलींना खेळायला घरी बोलावलं, तर त्या आत आल्या म्हणून ही कोठीच्या खोलीत जाऊन बसली. परकी माणसं आत आल्यावर आत म्हणजे कुठे, हे तिला कोण सांगणार? मला तरी कुठे सांगता आलं?

माझ्या नियमात एवढीच खोट निघाली की तिने तो मोडला नाही. आपण सगळ्यांनी मोडला होता. मी शाळेच्या मैदानावर माझ्या भावाला मराठीतच शिव्या द्यायचो.

आप्पा

३० मे

सौंदर्या,

काल वसंताबाई येऊन घेऊन गेल्या. चांगल्या वागल्या. मला वाटलं होतं बोलतील काहीतरी, तुझ्यावरून, लग्नावरून. काही बोलल्या नाहीत. मुलाने जे केलं त्याची त्यांनाच लाज वाटते असं दिसलं. मणी कुठे आहे ते त्यांनाही ठाऊक नाही.

मी त्यांना एका बैठकीत सगळं सांगितलं. तिला काय आवडतं, पाणी ओतायला द्या, पीठ मळायला द्या, हाताला काम असलं की रडत नाही. 'मज' म्हणाली की 'मला' असं समजा, 'अस्कं' म्हणजे सगळं. त्या मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "सार, मी हे लक्षात कसं ठेवू? तिला आमचंच बोलणं शिकू दे." त्यांचं काय चुकलं?

बसस्टँडवर ती बोलली नाही. ते तुला ठाऊकच आहे. खिडकीतून माझ्याकडे पाहत होती. मला वाटत होतं आता रडेल, हाक मारेल. मीही हाक मारली नाही, आसपास माणसं होती. बस गेल्यावर लक्षात आलं की माणसं होती म्हणून मी गप्प बसलो.

घरी आलो. कुणाशी बोलायचं नव्हतं म्हणून दार लावलं.

आप्पा

२९ सप्टेंबर

सौंदर्या,

तुला पुन्हा लिहायचं नव्हतं. पण काल तिरुचीला जाऊन आलो, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही.

नवरात्राचं निमित्त केलं. वसंताबाईंनी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या होत्या, गोलू. कान तपासले, उत्तम आहेत म्हणाल्या. वाचेच्या केंद्रात दोनच महिने गेली, मग त्यांनीच नको येऊ म्हणून सांगितलं. शाळेत जाते. आणि बोलते, सौंदर्या. तमिळ बोलते. अखंड बोलते. बाहुल्या उचलून पायऱ्यांवर लावत होती, ही मोठी, ही लहान, ही राणी, हिला मागे बसव, आणि दर बाहुलीमागे एक गोष्ट. तिरुचीच्या पोरांसारखे हेल आले आहेत. तू फोनवर आता तिच्याशी तमिळच बोलतेस असंही वसंताबाई म्हणाल्या. बरोबर आहे, तिला तेच समजतं.

मला 'आजा' नाही, 'ताता' म्हणाली. लाजली नाही, घाबरली नाही. मला एक बाहुली धरायला दिली आणि कुठे ठेवायची ते तमिळमध्ये सांगितलं. मी तमिळमध्ये विचारलं, शाळेत काय करतेस? मणी ओवतो, म्हणाली. मी म्हटलं, छान. बत्तीस वर्षं ज्या भाषेत शिकवलं ती बोलताना माझी जीभ जड झाली. ती हसत होती, खात होती, गुबगुबीत झाली आहे. तुला हवं होतं ते झालं. मलाही तेच हवं असायला पाहिजे, आणि आहे. निम्मं आहे.

जेवण झालं. तीनची बस होती. वसंताबाई आत विडा करत होत्या. ती बाहुल्यांशी बोलत होती, माझ्याकडे पाठ करून. मी उठलो. तिला आपलं काही उरलं आहे का ते मला पाहायचं होतं. पाहायला नको होतं. मी हळूच, तिच्यामागे उभा राहून म्हणालो, "लच्छी, घरीं जाऊं या?"

ती बोलता बोलता मधेच थांबली. वाक्य अर्धं राहिलं. हातातली बाहुली खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता दाराशी गेली. कपाटाखालून सँडल काढले, जमिनीवर बसली आणि दोन्ही पट्टे स्वतः लावले. मग उठून दाराजवळ उभी राहिली आणि माझ्यासाठी हात पुढे केला. 

वसंताबाई बाहेर आल्या. "ही कुठे निघाली? तुम्ही काय म्हणालात तिला?" मी म्हणालो, काही नाही.

तिला सांगावं तर लागणार होतं. मी खाली बसलो आणि तिला तमिळमध्ये सांगितलं की ताता एकटाच जाणार आहे, तू इथेच राहायचं. तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मग बसली, पट्टे सोडले, सँडल जागच्या जागी नीट लावून ठेवले आणि बाहुल्यांपाशी जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं. मी जिना उतरेपर्यंत वरून तिचा आवाज आला नाही, कुठल्याच भाषेतला.

वसंताबाई म्हणाल्या, महिन्या-दोन महिन्यांनी येत जा. मी पुन्हा जावं की जाऊ नये, तेवढं श्रीदेवीला सांग.

आप्पा